पाच दिवसांत खोली रिकामी करा : कोव्हिड आणि अमेरिकेतली कृष्णवर्णीय कॉलेजची मुलं

उंबरठा

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "कोव्हिडमध्ये कॉलेजच्या पोरांचं काय बिघडलं? घरी लोळून सिरियली बघितल्या आणि ऑनलाइन पास झाले." तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी मूळची साताऱ्याची. २०१८ ते २०२२ अटलांटाजवळच्या एका सरकारी विद्यापीठात होते. सार्वजनिक आरोग्यात पीएचडी, आणि पोटापाण्यासाठी पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवणं. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय. बरीचशी घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच.

१० मार्च २०२० ला हार्वर्डने मुलांना सांगितलं, १५ तारखेच्या आत खोल्या रिकाम्या करा. मग एकामागोमाग एक सगळ्यांनीच तसं केलं. आमच्याकडे फर्मान निघालं त्या संध्याकाळी मी वसतिगृहासमोरून चालले होते. माझ्या वर्गातला एक मुलगा कमरेएवढा फ्रीज कवेत धरून उतरत होता, तो त्याने कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला. मी म्हटलं, अरे चांगला आहे की, घरी ने. तर म्हणाला, "मॅम, घरी मी सोफ्यावर झोपतो. हा कुठे ठेवू?"

मला जे सांगायचंय ते ह्या फ्रीजपाशीच सुरू होतं. विषाणूने ह्या मुलांच्या फुप्फुसांना फार धरलं नाही, वय त्यांच्या बाजूचं होतं. पण वसतिगृहातला पलंग, मेसचं कार्ड, कॅम्पसवरचा दवाखाना आणि आठवड्याला एकदा भेटणारी समुपदेशक ही त्यांची सगळी आरोग्यव्यवस्था होती. ती आठवडाभरात बंद झाली. मुलांना जिथे पाठवलं, तिथे विषाणू आधीच येऊन बसला होता.

घरी कोण होतं? सिटी बस चालवणारे वडील, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं अंग पुसणारी आई, वेअरहाऊसमध्ये खोकी उचलणारा भाऊ. ह्यांना "वर्क फ्रॉम होम" हा शब्द टीव्हीवर ऐकून माहीत. एप्रिल २०२० मध्ये शिकागोने पहिले आकडे दिले. शहरात कृष्णवर्णीय ३० टक्के, कोव्हिडच्या मृत्यूंत सुमारे ७० टक्के. लुईझियानातही जवळपास तसंच. त्या एका वर्षात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी खाली आलं.

माझी एक विद्यार्थिनी होती. तिला इथे 'ट' म्हणते. झूमवर तिचा कॅमेरा कायम बंद. एकदा चुकून सुरू झाला, तर मागे गाडीची सीट आणि काचेपलीकडे बर्गरच्या दुकानाची पाटी. घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून तिथल्या वायफायवर ती माझं रिग्रेशन शिकत होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिची मेल आली. आजीचा अंत्यविधी झूमवर आहे, वेळ आपल्या क्विझचीच आहे, तर मी क्विझ आधी देऊ का? तिने सवलत मागितली नव्हती. *आधी* देऊ का, असं विचारलं होतं.

ती मेल अजून माझ्याकडे आहे.

मग २५ मे आला. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेला जॉर्ज फ्लॉइड. त्याआधी मार्चमध्ये लुईव्हिलला पोलिसांच्याच गोळ्यांनी गेलेली ब्रिओना टेलर, वय २६, स्वतः आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम केलेली. ३० मे ला अटलांटातच पोलिसांनी स्पेलमन आणि मोरहाऊस कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांना गाडीच्या काचा फोडून बाहेर ओढलं, विजेचा झटका देणारा टेझर मारला. ते टीव्हीवर थेट दिसलं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाचे, त्याच रस्त्यांवर फिरणारे. उन्हाळी सत्रात पुढच्या तासाला मी स्क्रीनवर टी-टेस्टची स्लाइड लावली आणि पुढे काय बोलावं ते मला सुचेना.

जून २०२० मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या जवळपास चौथ्या हिश्शाने गेल्या महिन्यात आत्महत्येचा गंभीर विचार केल्याचं सांगितलं. सगळ्या वयांचा मिळून आकडा ११ टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीयांचा १५. तरुण आणि कृष्णवर्णीय दोन्ही असलेल्याचं काय होत असेल, ह्याचा अंदाज बांधा.

बाकी प्रतिसादांत लिहीन. उशीर झालाय.

---

गावठी_गणित

लेख चांगला, पण एक शंका. तुम्ही सांगितलेलं सगळं गरिबीचं आहे. सोफ्यावर झोपणं, वायफाय नसणं, आईबापांना कामावर जावं लागणं. गरीब गोऱ्या पोराचंही तेच झालं असणार. मग वंश मध्ये कशाला? आकड्यांच्या माणसाने तरी दोन चलं (गरिबी आणि वंश) वेगळी करावीत.

---

शेवगा

वाचतेय. एक भाबडा प्रश्न : 'कृष्णवर्णीय' म्हणायचं की 'ब्लॅक'? आमच्या ऑफिसात यावरून एकदा फार अवघडल्यासारखं झालं होतं.

---

उंबरठा

@शेवगा, ती मुलं स्वतःला ब्लॅक म्हणवतात. मराठीत 'काळे' म्हटलं की आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातीतला वास येतो, म्हणून मी कृष्णवर्णीय लिहिते. दोन्ही चालतं.

@गावठी_गणित, निम्मं बरोबर. गरीब गोऱ्या मुलांचे हाल झालेच, ॲपलेशियाच्या डोंगरातल्या मुलांना नेटसाठी मैलोगणिक जावं लागे. आपण उत्पन्न कायम धरू. तरी फरक उरतो.

मिशिगन विद्यापीठाच्या अर्लिन जेरोनिमस यांनी ह्या उरलेल्या फरकाला १९९२ मध्ये 'वेदरिंग' असं नाव दिलं. ऊनपावसाने लाकूड झिजतं तसं शरीर झिजतं. सतत सावध राहावं लागणं, दुकानात मागे मागे फिरणारा रखवालदार, पोलिसाची गाडी दिसली की स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवलेले हात. रोजचं थोडं थोडं, पण रक्तदाब, साखर, हृदय सगळीकडे जमा होत जातं. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या आईवडिलांना कोव्हिड झाला तेव्हा त्यांची शरीरं साठीची होती.

दुसरं नाव साथरोगशास्त्रज्ञ शर्मन जेम्स. त्यांना नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचा एक शेतकरी भेटला. कर्जाच्या पाशातून निव्वळ मेहनतीवर सुटलेला, स्वतःची जमीन केलेला, आणि पन्नाशीतच रक्तदाब, संधिवात, अल्सर. त्यावरून जेम्सनी 'जॉन हेन्रीझम' ही कल्पना मांडली. साधनं तुटपुंजी असताना जीव तोडून झुंजत राहण्याची सवय माणसाला वर आणते आणि आतून खाते. पुढे जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांना ग्रामीण भागातल्या हुशार, गुणी कृष्णवर्णीय मुलांतही असंच दिसलं. कॉलेजपर्यंत पोचलेली, व्यसनं नाहीत, वागणूक उत्तम, आणि रक्ताच्या तपासण्या मात्र वाईट.

आता 'ट'ची मेल परत वाचा. आजी गेली आणि पोरगी विचारतेय, क्विझ आधी देऊ का.

---

टवाळ_टोळ

आता अमेरिकेचीही दुःखं आपणच वाहायची? इथे काय टंचाई आहे का.

---

शेवगा

@टवाळ_टोळ, धागा उघडायची सक्ती नव्हती. पुढे चला.

---

संत्रानगरी_ओपीडी

नागपुरात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. गणितवाल्यांच्या प्रश्नाला माझ्याकडूनही थोडी भर.

ऑक्सिमीटर. २०२१ च्या एप्रिलात आपल्या घराघरांत हे यंत्र देवघरातल्या घंटेसारखं झालं होतं. त्यात दोन दिवे असतात, एक तांबडा, एक इन्फ्रारेड. बोटातून पलीकडे कुठला प्रकाश किती पोचला, त्या गुणोत्तरावरून ऑक्सिजन काढतात. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि बरीचशी यंत्रं गोऱ्या बोटांवर जुळवलेली. मिशिगनच्याच डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ह्या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त तपासलं, तर ८८ च्या खाली निघालेले कृष्णवर्णीय रुग्ण ११.७ टक्के होते आणि गोरे ३.६. म्हणजे प्रमाणात तिपटीहून जास्त माणसं "तुम्ही ठीक आहात" ह्या शिक्क्यासह गुदमरत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) इशारा काढला. इथे उत्पन्नाचा काही संबंध नाही. कोट्यधीशाचं बोटही यंत्राला तसंच दिसतं. (आपल्याकडे ९४ ला भरती आणि ९५ ला घरी असं आपण करत होतो. माझे काही सावळे पेशंट आठवले की मला अजून नीट झोप लागत नाही. असो.)

दुसरं सिकलसेल, रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार. हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, तिकडे नंदुरबार, आदिवासी आणि दलित वस्त्यांत घरटी ऐकू येतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळांत साधारण तेरात एक वाहक, आणि ३६५ मध्ये एकाला प्रत्यक्ष आजार. ही बाळं आता मोठी होऊन कॉलेजात जातात. त्यांचा छातीचा क्रायसिस (आजार अचानक छातीत उसळतो तो) आणि कोव्हिडचा न्यूमोनिया सुरुवातीला सारखाच : ताप, छातीत कळ, धाप. इमर्जन्सीत जावं तर कोव्हिडची भीती, न जावं तर जिवाला धोका. त्यात सिकलसेलवाल्या तरुणाने वेदनेसाठी मॉर्फिनच्या जातीचं औषध मागितलं की "नशेखोर आहे का हा?" अशी नजर. ही तक्रार कोव्हिडच्या कितीतरी आधीची आहे. माझ्याकडे येणारी पोरं वेगळ्या शब्दांत तेच सांगतात, "सर, नाटक करतो म्हणतात."

---

गावठी_गणित

ऑक्सिमीटरचं माहीत नव्हतं. मान्य. चलं वेगळी झाली.

---

पोटोमॅककाठची_मावशी

मी मेरीलँडमध्ये एका कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात आहे, एकोणीस वर्षं झाली. उंबरठाताईंनी समुपदेशकाचा उल्लेख केलाय तो धागा पुढे नेते, कारण ह्या भानगडीची बाहेर कोणाला कल्पना नसते.

आमचं लायसन्स राज्यापुरतं असतं. मार्चमध्ये मुलं घरी गेली, कोणी जॉर्जियात, कोणी अलाबामात, कोणी मिशिगनला. मी इथे बसून व्हिडिओवर त्यांना उपचार द्यायचे, तर मुलगा *जिथे बसलाय* त्या राज्याची परवानगी लागते. काही राज्यांनी आणीबाणी म्हणून सूट दिली, काहींनी नाही, काहींनी दिली आणि तीन महिन्यांत काढून घेतली. माझ्या टेबलावर एक वही होती, राज्यवार, कुठे काय चालतं ते लिहिलेली. दर सोमवारी खाडाखोड. एका मुलाला, त्याच्या वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या आठवड्यात, मला सांगावं लागलं की पुढच्या वेळेपासून मी तुझ्याशी बोलू शकत नाही, तुझ्या गावातला कोणीतरी शोध. त्याच्या गावात होतं कोण? ह्या देशातल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय चार टक्क्यांच्या आसपास. छोट्या गावात तर तेवढेही नाहीत.

आणि घरून बोलायचं कसं? पातळ भिंती, बाजूच्या खोलीत आई. मुलं बाथरूममध्ये नळ सोडून बोलायची. एक मुलगी मला फक्त चॅटमध्ये टाइप करून सांगायची आणि तोंडाने "हो, हो, ठीक आहे" म्हणत राहायची, घरच्यांना ऐकू जावं म्हणून. त्यांच्या घरांतही आपल्यासारखंच असतं हो, दुःख चर्चमध्ये सांगायचं, परक्याला नाही. आपल्याकडे "लोक काय म्हणतील", तिकडे "आपल्या घरातलं बाहेर न्यायचं नाही". फक्त त्या वर्षी चर्चही बंद होतं.

२०२०-२१ ची हेल्दी माइंड्स ही विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी निघाली तेव्हा सगळ्या कॉलेज विद्यार्थ्यांत ४१ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं, ३४ टक्क्यांना चिंतेची. त्रास सगळ्या रंगांच्या मुलांना होता. उपचारापर्यंत पोचण्यात मात्र कृष्णवर्णीय मुलं वर्षानुवर्षं मागे, आणि तेव्हाही मागेच.

---

शेवगा

बाथरूममध्ये नळ सोडून... वाचून गलबललं.

पण एक विचारू? लस आली तेव्हा त्यांच्यातलेच बरेच लोक घ्यायला तयार नव्हते असं वाचलं होतं. मुलं शिकलेली असून?

---

उंबरठा

शिकलेली होती *म्हणून* जास्त प्रश्न विचारत होती. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा 'अभ्यास' केला. चारशेच्या आसपास लोकांना आजार होता, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, आजार कसा वाढतो ते बघत बसले. माफी मागितली क्लिंटननी, १९९७ मध्ये. ही पुराणकाळची गोष्ट नव्हे, माझ्या मुलांच्या आजोबांच्या पिढीची आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या (वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या), डिलर्ड आणि झेवियरच्या, अध्यक्षांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं : आम्ही लशीच्या चाचणीत भाग घेतलाय, तुम्हीही विचार करा. पालक खवळले. "आमची पोरं म्हणजे उंदीर वाटली का?" पत्र लिहिणाऱ्यांचा हेतू सरळ होता. आपल्या लोकांवर तपासलीच नाही तर लस आपल्यावर चालते हे कळणार कसं? पण टस्कीगीची सावली पडली की सरळ हेतूही वाकडा दिसतो.

मजा म्हणजे मॉडर्नाच्या लशीमागच्या सरकारी संशोधनात पुढे होती किझमेकिया कॉर्बेट ही कृष्णवर्णीय तरुणी, आणि १४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्यासमोर अमेरिकेतला पहिला डोस (तो फायझरचा) घेतला सॅन्ड्रा लिंडसे ह्या कृष्णवर्णीय नर्सने. माझ्या वर्गात कॉर्बेटचं नाव घेतलं की चॅटमध्ये बदाम पडायचे. आणि "तयार नव्हते" ह्यातलं निम्मं "मिळत नव्हती" होतं. सुरुवातीला अपॉइंटमेंट ऑनलाइन, केंद्र गाडीशिवाय न पोचता येणारं, शिफ्ट सोडली तर पगार कापलेला. ते सुटत गेलं तसं २०२१ संपेपर्यंत गोऱ्यांशी असलेलं अंतर बरंच कमी झालं.

---

निळी_पायवाट

मला हा धागा परका वाटतच नाहीये. मार्च २०२० मध्ये मी पुण्यात हॉस्टेलवर होतो. नोटीस लागली, मेस बंद, हिंगोली जिल्ह्यात गावी. घरात आम्ही सात, नेटवर्क पाण्याच्या टाकीवर चढलं की एक कांडी. टाकीवर बसून एमएचं व्हायवा दिलंय. आई ऊसतोडीवरून परत यायची होती, ती कारखान्यावर अडकलेली.

जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती सातासमुद्रापलीकडचं ओझं वाहायला नव्हे. त्यांना तिथलं बघून इथलं दिसत होतं. (टोळभाऊ, तुमच्यासाठी.)

उंबरठाताई, 'ट'चं पुढे काय झालं?

---

उंबरठा

सांगते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये तिची नोंदणी अडकली. मेसचे पैसे काही प्रमाणात परत मिळाले होते, पण ते जुन्या थकबाकीत वळते झाले आणि तरी काही शे डॉलर उरले. विद्यापीठाच्या खात्यावर बाकी असली की 'होल्ड' लागतो, पुढच्या सत्राचे विषय घेता येत नाहीत. आणि विद्यार्थी म्हणून नोंद नसली की कॅम्पसचा दवाखानाही गेला. आमच्या जॉर्जिया राज्याने मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सगळ्या गरीब प्रौढांपर्यंत वाढवलेला नव्हता. लहानपणचं मेडिकेड एकोणिसाव्या वर्षी संपतं. सव्विसाव्या वर्षापर्यंत पालकांच्या विम्यावर राहता येतं खरं, पण पालकांना विमा असला तर! तिच्या आईला नव्हता. म्हणजे काही शे डॉलरपायी पोरगी एका फटक्यात शिक्षण आणि डॉक्टर दोन्हीला मुकली. दम्याचा पंप ती चुलतभावाचा वापरत होती, हे मला नंतर कळलं.

एकटी ती नव्हती. त्या पानगळीच्या सत्रात देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांतले प्रवेश दहा टक्क्यांनी घटले, कृष्णवर्णीय मुलग्यांत घसरण आणखी मोठी. ह्याला सगळे 'ड्रॉपआउट' म्हणतात. मी त्यांना विम्याबाहेर पडलेले असंही मोजते.

म्हणून २०२१ मध्ये काही ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांनी केंद्राच्या कोव्हिड-निधीतून मुलांची थकबाकीच पुसली, ते मला त्या काळातलं सगळ्यात अक्कलहुशारीचं औषध वाटतं. साउथ कॅरोलायना स्टेटने अडीच हजारांवर मुलांची मिळून सुमारे ९८ लाख डॉलरची बाकी माफ केली. डेलावेअर स्टेटने दोनशेवर पदवीधरांची. नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजने प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात दहा हजार डॉलर ठेवले. पैसे असलेली कॉलेजं होती असं नाही. त्यातल्या कितीतरींच्या इमारती गळक्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मुलं वसतिगृहातली बुरशी आणि उंदरांविरुद्ध महिनाभर ब्लॅकबर्न सेंटर ह्या विद्यार्थी-केंद्रात ठाण मांडून होती, बाहेर तंबू टाकून. श्वासाच्या साथीत दीड वर्ष काढून परत आलेल्या पोरांना भिंतीवर बुरशी! आणि २०२२ चा फेब्रुवारी उजाडला तो अशा डझनभराहून जास्त कॉलेजांना आलेल्या बॉम्बच्या धमक्यांनी. दार लावून आत बसा, पुन्हा एकदा.

'ट'ची बाकी आम्ही विभागातल्या चौघाजणांनी भरली. नियमात बसत नव्हतं, त्यामुळे फार बोलत नाही. ती एक सत्र उशिरा, डिसेंबर २०२१ मध्ये पास झाली. शेवटच्या प्रोजेक्टला तिने विषय घेतला होता, बसमार्गापासून लसीकरण केंद्राचं अंतर. कॅमेरा चालू ठेवून सादर केला. मागे गाडीच होती. तोवर घरी नेट आलेलं, पण म्हणाली, इथेच सुचतं.

---

शेवगा

जाता जाता, माझी भाची ह्या ऑगस्टमध्ये अटलांटाला एमएसला जातेय. तिच्या आईला हा धागा दाखवला तर तिने विम्याचंच विचारलं. विद्यापीठाचा विमा महाग वाटतो, बाहेरचा स्वस्त घ्यावा का?

---

पोटोमॅककाठची_मावशी

बाहेरचा घेण्याआधी तो विद्यापीठ मान्य करतं का ते लेखी विचारा, नाहीतर दोन्हीचे पैसे जातात. मानसोपचार आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते बघा, स्वस्तातले तिथेच कापतात. आणि पहिल्याच आठवड्यात समुपदेशन केंद्रात जाऊन विचारून ठेवायला सांगा : मी सुट्टीत दुसऱ्या राज्यात गेले तर तुम्ही बोलाल का? उत्तर देणारीने वही काढली तर समजा, बाई जुनी आहे.